आमच्या वस्तीची बारा परस विहीर

त्या दिवशी सकाळी विहिरीवर कोण कोण व्हतं ते आधी सांगते, न्हाईतर मागून कोणी म्हणंल, हे कवा झालं, आमी तर पाहिलं न्हाई. मी व्हते. माझी नात व्हती, सातवीतली. तिच्या वर्गातली तीन लेकरं व्हती, एक चष्म्याचा पोरगा, एक बडबडी पोरगी आन् एक मुकाट पोरगी. त्यांच्या शाळेच्या मॅडम व्हत्या. माझा धाकटा दीर व्हता, काठी टेकत आलेला. सून व्हती, ती धुणं टाकून आली व्हती, हाताला साबण तसाच. आठ माणसं झाली. एक शेळी बी व्हती, पण तिला धरत न्हाई.

मी शाळेत गेले न्हाई. सही तेवढी येती, ती बी म्हातारपणी शिकले. म्हणून मी सांगून राहिले आन् नात लिहून राहिली. मी म्हणलं तसंच लिही, तुह्या शाळेच्या भाषेत करू नको. व्हय म्हणली.

तर झालं असं. दिवाळीची सुट्टी सरली आन् मॅडमनी वर्गात सांगितलं की औंढ्याला तालुक्याचं प्रदर्शन हाय, लेकरांनी प्रकल्प करायचा. त्यात गणित बी पाहिजे, विज्ञान बी पाहिजे, इतिहास बी पाहिजे, तिन्ही एकाच कामात. आन् पुस्तकातून उतरवायचं न्हाई, हातानं करायचं. काही लेकरांनी धूर सोडणारा डोंगर करायचं ठरवलं. आमच्या पोरीनं सांगितलं, आमी आमच्या वस्तीची विहीर करतो. किती खोल ते गणित, आत कोणते खडक ते विज्ञान, कोणी खणली तो इतिहास. हे मॅडमला लई आवडलं.

मला काय आवडलं न्हाई, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी माझा वरवंटा नेला. दोरीला बांधून विहिरीत सोडला, तळाला टेकला की दोरीला गाठ मारली, वर ओढली आन् सडकंवर अंथरून टेपानं मोजली. त्या चौघांत कोणाला वाटलं न्हाई की आज आजी चटणी कशावर वाटंल. त्या दिवशी आमी दूध-भाकर खाल्ली.

मग मॅडम मला विचारायला आल्या, खणताना आत काय काय लागलं. मी सांगितलं. वरच्या दोन परस काळी माती, परस म्हणजे आमचं खोलीचं माप. ती वली असली की टोपलं डोस्क्यावर घेताना मान आत जाती. मग तीन परस मुरूम, तो हलका, पण टोपल्यातून गळून पाठीत शिरतो, आन् घामानं खाजवतो. मग चार परस तांबडा मऊ खडक, पहारीनं निघणारा. शेवटच्या तीन परस काळा पाषाण. तिथं सुरुंग लावला. मॅडम म्हणल्या, आजी, हे तुम्हाला इतकं पक्कं कसं आठवतं? मी म्हणलं, डोस्क्यावरून गेलंय ना सगळं.

लेकरांनी लगेच हिशोब मांडला, दोन आन् तीन आन् चार आन् तीन, बारा. बराबर बारा. टाळ्या वाजवल्या. पाण्याच्या बाटल्या कापून एकावर एक चिकटवल्या आन् त्यात खरीच माती, खराच मुरूम भरला. तांबडा खडक कुठं सापडंना, तर मुकाट पोरगी एकटीच ओढ्याला जाऊन फ्रॉकच्या ओट्यात घेऊन आली. तिच्या मायनं तिला धुतलं असंल.

इतिहासाच्या पानावर काय लिहायचं म्हणून त्यांनी विचारलं, विहीर काहून खणली. तेव्हा मी सांगितलं, जसं व्हतं तसं. गावच्या विहिरीवर आमाला पोहरा सोडू देत नव्हते. कठड्यापासून लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतायचा. दया यायला कधी कधी दुपार व्हायची. मग वस्तीच्या सात घरांनी ठरवलं की आपली आपण खणायची. दिवसा लोकाच्या शेतात रोजानं जायचं आन् येऊन दिस मावळेपर्यंत खणायचं. दोन उन्हाळे लागले. माझं थोरलं पोरगं तवा झोळीत व्हतं, बाभळीला झोळी बांधायची आन् येता जाता एक हेलकावा द्यायचा.

बडबडी पोरगी गावातली हाय, मोठ्या घरची. तिनं पेन थांबवलं. "आजी, माझे पणजोबा बी तसंच करत होते का?" म्हणली.

मी म्हणलं, "करत असतील. मला वळखू येत नव्हते बाई, मी खाली बघून उभी राहायची. तू लिही."

तिनं लिहिलं. तिच्याबद्दल माझं मन तवाच चांगलं झालं.

आता परस म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी तकलीफ तिथंच झाली. दोरी छातीवर धरायची आन् दोन्ही हात आडवे पसरायचे. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत जेवढी दोरी, ती एक परस. कोणी वाव म्हणतं. पहिल्यापासून विहीर अशीच मोजत्यात. माझे मालक, म्हणजे या नातीचे आजोबा, खणणाऱ्यांत म्होरके व्हते. ते मरेपर्यंत सांगत, आपली विहीर बारा परस हाय.

गाव हसायचं. कोणीतरी कधी दोरी टाकून पाहिली व्हती आन् म्हणलं व्हतं, बारा कुठं, नऊ-साडेनऊ हाय. तेव्हापासून मालकाचं नावच पडलं. पाराजवळून चालले की लोक म्हणायचे, आले बारा परस. गावात कोणी थाप मारली की आजही म्हणत्यात, बारा परसाच्या गोष्टी सांगू नको. मालक भांडत नसत. बारा म्हणजे बारा, मोजताना मी व्हतो, एवढंच म्हणायचे आन् पुढं जायचे. नात दुसरीत असताना ते गेले. तिला त्यांनीच सांगितलं व्हतं बारा. म्हणून तिनं तक्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं व्हतं, "आमची बारा परस विहीर. सांगणारे, माझे आजोबा."

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले आन् मॅडमनी तक्ता तपासायला घेतला. लेकरांनी परस किती फुटाची ते काढलं व्हतं. कोणाचे हात मोजायचे, तर माझा दीर त्या खणण्यात व्हता, आज तोच एक पुरुष माणूस त्यातला राहिलाय, म्हणून त्याचे मोजले. आता माझा दीर म्हणजे ताडाचं झाड. त्याची परस भरली सहा फूट. बारा सक बहात्तर. आन् वरवंट्याची दोरी भरली व्हती छप्पन्न फूट. सोळा फुटाचा फरक. मॅडमनी दोनदा मोजायला लावलं, दोन्ही वेळा तेच. मग त्या म्हणल्या की दोनपैकी एक आकडा चुकीचा हाय, आन् टेप तर खोटं बोलत न्हाई, तर बारा परस खोडा आन् नऊ लिहा. त्यांचं बी बराबर व्हतं. तपासणारे साहेब येणार, ते पहिलं हेच विचारणार.

पोरगी घरी आली ती तक्ता घेऊन कोपऱ्यात बसली. जेवीना. सुनेनं विचारलं तर काय सांगीना. मग मला म्हणली, बाबा खोटं बोलत व्हते का गं आजी? ती आजोबाला बाबा म्हणायची.

मी भाकरी थापून राहिले व्हते. मी म्हणलं, खोटं बोलायचा त्यांना काय फायदा व्हता, पण टेप बी खरा असंल. माणसाला आपली विहीर खोल वाटती. असू दे, खोड. मी खरंच तसं म्हणले, मला दुसरं काय सुचलं न्हाई. इतकी वर्षं लोक हसले, त्यात अजून एक तक्ता.

मग ती म्हणली, "आजी, पण मोजली कोणी? बाबा म्हणायचे मोजताना मी होतो. मी मोजली, असं न्हाई म्हणायचे."

तव्यावरची भाकर करपली.

हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आन् मी बी कधी मनात आणलं नव्हतं. विहीर मी मोजली व्हती. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. दोरी माझ्याच ताब्यात असायची, सांजेला खाली सोडायची, वर ओढायची आन् माझ्या छातीवर धरून हात पसरून मोजायची. आमच्यात नेम असा की माप एका हाताचं पाहिजे. आज याचा हात, उद्या त्याचा, असं केलं की विहिरीचा मेळ लागत न्हाई. आन् म्होरक्याचं माप म्होरक्याच्या घरातूनच घेतात. म्होरक्याचं घर म्हणजे मी. चार वीत उंचीची पोरगी मी तेव्हा. सगळे मला चिमणी म्हणायचे.

पण मालकानं सोता का मोजलं न्हाई, ते कोणाला ठावं नव्हतं, आमा दोघांशिवाय. लग्नाच्या आधी ते कापसाच्या गाडीवरून पडले व्हते. उजवा हात पुढं यायचा, पहार चालायची, टोपलं उचलायचं, पण आडवा पसरत नव्हता. छातीच्या वर कडेला जात नव्हता. हे मुकादमाला कळलं असतं तर अधू म्हणून कामावर कोणी घेतलं नसतं. म्हणून आमी ते झाकलं. सदऱ्याच्या बाहीत हात मीच घालून द्यायची, दार लावून. पुढं कामं गेली, पोरं मोठी झाली, पण झाकायची सवय गेली न्हाई. लोकांनी थापाड्या म्हणलं ते चाललं, पण हात अधू हाय हे न्हाई सांगितलं. एक वाक्य बोलले असते तर गावाचं तोंड बंद झालं असतं. माझ्या बायकोच्या हातानं मोजली, एवढंच. पण लोकांनी पुढं विचारलं असतं, तुमच्या का न्हाई?

मी नातीला हे सगळं सांगितलं न्हाई लगेच. मी म्हणलं, मीच मोजली. ती माझ्या हाताकडं बघत राहिली, पीठ भरलेले व्हते. मग उठून टेप आणायला पळाली. मी म्हणलं थांब, असं घरात न्हाई. उद्या विहिरीवर, मॅडमच्या समोर, तुह्या आजोबाच्या भावासमोर. मला जरा इचार करायचा व्हता. सांगितलं तर हात उघडा पडणार व्हता, न सांगितलं तर थापाड्याच राहणार व्हते. मग म्हणलं, आता कोणता मुकादम येणार हाय त्यांना कामावर घ्यायला. सांगून टाकावं.

तर सकाळी सगळे जमले, मी वर सांगितले ते आठ. दीर काठी टेकत आला तोच म्हणत आला, काहून बोलावलं, परत माझे हात मोजता का, आता आखडले ते. मी त्याला कठड्यावर बसवलं आन् सगळं सांगितलं. गाडीवरून पडल्याचं, हाताचं, दोरीचं.  सख्खा भाऊ, त्याला बी ठावं नव्हतं. मग हळूच म्हणला, "म्हणून दादा मला कधी खांद्यावर घेत नव्हता."

मी म्हणलं, व्हय.

मॅडमनी डोळे पुसले आन् लगेच टेप काढला, बाई कामाची हाय. मला भिंतीला टेकवून उभं केलं. म्हणल्या, आजी, पसरा. मी पसरले. डावा खांदा कटकट वाजला, लेकरं हसली, मी बी हसले. या बोटाला मुकाट पोरगी, त्या बोटाला चष्म्याचा पोरगा. सून ओरडून राहिली, अजून ताणा, बोटं सरळ करा. मला वाटलं आता म्हातारपणानं मी आटले, तर हात बी आटले असतील, मग काय मेळ लागणार. मॅडम म्हणल्या की न्हाई आजी, म्हातारपणी पाठ वाकते, मणके दबतात, म्हणून उंची घटते. पण हाताची हाडं लांबच्या लांब राहतात. हे विज्ञान लिहा रे तक्त्यावर, असं लेकरांना सांगितलं.

चष्म्याच्या पोरानं वाचलं, चार फूट नऊ इंच.

 नातीनं मातीवर काडीनं आकडे मांडले. बारा चोक अठ्ठेचाळीस. बारा नवे एकशे आठ इंच, त्याचे नऊ फूट. काडी थांबली. ती वर बघून म्हणली, "सत्तावन्न. मॅडम, सत्तावन्न फूट होतात."

आन् दोरी छप्पन्न.

बडबडी पोरगी इतकी नाचली की शेळी सुटून पळाली. सून साबणाच्या हातानं नातीला मिठी मारून बसली. मॅडम सारख्या म्हणून राहिल्या, बघा रे, टेप बी खरा आन् आजोबा बी खरे, आपण फक्त माणूस चुकीचा मोजला.

दीर तेवढा खवट. काठी आपटून म्हणला, "समदं बराबर, पण वैनी, एक फूट कुठं गेला? तेवढी तर लबाडी केलीच ना?"

मी म्हणलं, "गाळ हाय तो भाऊजी, इतक्या वर्षांचा. तुमच्या बी डोस्क्यात असंल तेवढा."

तो हसता हसता खोकायला लागला, त्याला पाणी पाजावं लागलं. त्याच विहिरीचं.

तक्ता खोडला न्हाई. फक्त खाली एक ओळ वाढवली, "परस आजीच्या हाताने, ४ फूट ९ इंच." बाटल्यांच्या विहिरीशेजारी त्यांनी एक दोरी ठेवली, माझ्या हातानं मोजून बारा गाठी मारलेली. आन् इतिहासाच्या पानावर हाताची गोष्ट लिहिली. मी नातीला म्हणलं व्हतं, लिही, पण अधू लिहू नको. तिनं लिहिलं, "आजोबांचा उजवा हात आडवा होत नव्हता, तरी त्यांनी विहीर खणली." मला ते बरं वाटलं.

औंढ्याला मी बी गेले, लेकरांनी जीपमध्ये पुढं बसवलं. नागनाथाच्या दर्शनाला आलेले लोक बी प्रदर्शनात शिरले व्हते, लई गर्दी. तपासणारे साहेब आले, पोट मोठं. त्यांनी विचारलं, परस म्हणजे किती? नातीनं म्हणलं, सर, कोणाची? साहेब हसले. त्यांनी सोता दोरी छातीवर धरून हात पसरले, चष्म्याच्या पोरानं उभ्या उभ्या हिशोब सांगितला, सर, तुमच्या हातानं आमची विहीर साडेनऊ परस हाय. मग काय, रांगच लागली. जो येईल तो हात पसरून राहिला आन् आपल्या हातानं विहीर किती परस ते विचारून राहिला. दोन शिक्षकांची पैज लागली. कळमनुरीकडची एक म्हातारी आली, माझ्यापेक्षा बारीक, तिची परस माझ्यापेक्षा चार बोटं कमी भरली. पोरगा म्हणला, तुमच्या हातानं साडेबाराच्या जवळ. ती मला म्हणली, बाई, तू तर राक्षसीण हाईस की. इतकी मी हसले न्हाई कितीक वर्षांत. डोस्क्यावरचा पदर पडला तरी उचलला न्हाई.

पहिला नंबर धूर सोडणाऱ्या डोंगराला गेला. दुसरा दुसऱ्या शाळेला. आमाला एक एक कागद भेटला. लेकरं जराशी रुसली, मग जीपमध्ये भजी खाल्ली आन् विसरली.

गावात आल्यावर दीर पारावर गेला आन् सगळं सांगून आला, दोनदा तिखटमीठ लावून. दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन चालले व्हते. पारावर एक जण बसतो, आता नव्वदीला टेकलाय, मालकाला बारा परस म्हणायला पहिली सुरुवात त्यानंच केली व्हती. त्यानं मला थांबवलं. म्हणला, मग त्यांनी सांगितलं काहून न्हाई कधी? मी म्हणलं, रोजाचं काम गेलं असतं. त्यानं जरा सरकून जागा केली आन् पोराला चहा आणायला सांगितला. मी पाराच्या कडेला बसून चहा पिले. या गावात नांदायला आले तेव्हापासून त्या पारावर मी पहिल्यांदा बसले. चहात साखर जास्त व्हती.

तो तक्ता आता शाळेच्या भिंतीवर लावलाय. पोरगी पुढच्या वर्षी आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार, पण तक्ता इथंच राहणार, असं मॅडम म्हणल्या.

हे वाचणाऱ्याला माझं एक मागणं हाय. तुमच्या घरात कोणी विहीर खणलेलं, बांध घातलेलं, घर बांधलेलं म्हातारं माणूस असंल तर त्याला भिंतीला टेकवून उभं करा, दोन्ही हात पसरायला सांगा आन् बोटं जिथं टेकतील तिथं पेन्सिलीनं दोन खुणा करा. खुणंच्या खाली त्याचं नाव लिहा. आजच करा.